प्रवासात मांजर हरवली आणि ‘स्थानिक पत्ता’ या रकान्यात अडकली

निवारा केंद्रातलं ते काउंटर आठवलं की अजून संताप होतो. मांजर सुखरूप घरी आली, तरीही. परगावी कुणाचं जनावर हरवलं तर त्याचे हाल थोडे कमी व्हावेत, म्हणून लिहितेय.

आमची चिमी घरात वाढलेली, काळ्या अंगावर नारिंगी ठिपके. मुक्कामाच्या खोलीत साफसफाईला आलेल्या माणसाने दार उघडं ठेवलं आणि ती निसटली. शोधाशोधीचं फार सांगत नाही. घाबरलेली घरातली मांजर बहुधा लांब जात नाही, जवळच्याच आडोशाला दडून बसते आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. म्हणून वर्दळ थांबल्यावर रात्री टॉर्च जमिनीलगत फिरवायचा, डोळे चमकतात. आम्हाला मात्र सकाळी चिठ्ठ्या वाटताना कळलं की जिन्याखाली बसलेली एक मांजर कुणीतरी खोक्यात घालून प्राणी निवारा केंद्रात नेऊन दिली आहे. जीव भांड्यात पडला.

केंद्राला फोन केला. उत्तर आलं, "अशी मांजर आमच्याकडे नाही." मग प्रत्यक्ष गेलो. हरवल्याची नोंद करायची तर अर्जात स्थानिक पत्ता हवा. मुक्कामाचा पत्ता लिहिला, तर "तात्पुरता पत्ता चालत नाही, तुमच्या गावच्या केंद्रात नोंद करा." जनावर इथे हरवलंय, तिकडच्या नोंदीवरून इथले पिंजरे कोण बघणार, असं विचारलं. त्यावर उत्तर नाही, नुसतं बाकड्याकडे बोट. वरिष्ठ येईपर्यंत बसा. त्या बाकड्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: बेवारस जनावर राखून ठेवायची मुदत असते आणि ती संपली की ते दुसऱ्याला दत्तक देता येतं. ही मुदत ठिकाणागणिक वेगळी, कुठे कुठे तर मोजक्याच दिवसांची. तुम्हीही पहिल्याच भेटीत विचारून घ्या, मुदत किती आणि ती कधीपासून मोजतात.

वरिष्ठ आल्या तेव्हा मी अर्जाचा विषयच सोडला आणि म्हटलं, "बाई, नोंद नका करू, मला फक्त पिंजरे बघू द्या." त्या लगेच हो म्हणाल्या. आत चिमी होती. पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहिलं होतं: ‘काळा बोका, चिप नाही’. तिन्ही गोष्टी चूक! (चिप म्हणजे जनावराची ओळख पटावी म्हणून कातडीखाली टोचतात तो छोटासा इलेक्ट्रॉनिक तुकडा.) काळा आणि नारिंगी असे दोन्ही रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि दोन्ही रंग उमटायला दोन एक्स लागतात. रोज मांजरं हाताळणाऱ्यांना हे कळायला हवं. फोनवरच्या माणसाने हेच कार्ड बघून मला ‘नाही’ सांगितलं होतं. म्हणून कळकळीने सांगते, फोनवरच्या नकारावर विसंबू नका, पिंजरे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता ती आमचीच हे सिद्ध करायचं होतं. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते, स्कॅनर जवळ आला तरच ती आपला १५ अंकी क्रमांक देते. त्यावरून जनावर कुठे आहे ते कळत नाही. ती खांद्यांच्या मधे टोचतात, पण कधी कधी सरकून खांद्याकडे किंवा पुढच्या पायाकडे जाते. त्यांनी मानेवरून एकदाच घाईने स्कॅनर फिरवला होता, तोही धातूच्या टेबलावर, आणि धातूमुळे वाचनात अडथळा येऊ शकतो. मी तिला टेबलावरून उचलून मांडीवर घेतलं आणि खांदे, छाती, पुढचे पाय असं सावकाश फिरवायला लावलं. डाव्या खांद्यापाशी स्कॅनर वाजला. क्रमांक लसीकरणाच्या कार्डावरच्या क्रमांकाशी जुळला तेव्हा मी रडले. ते कार्ड आणि अंगावरची खूण दिसेल असे फोटो मोबाईलमध्ये असू द्या, त्यांच्यामुळेच पुढची कागदपत्रं झटपट उरकली.

हो, चिठ्ठ्यांबद्दल एक राहिलं. फोटो मोठा, शब्द थोडे आणि प्रवासात लागणारा फोन नंबर. एक खूण मात्र मुद्दाम लिहायची नाही. आम्हाला एकाने फोन करून मांजर सापडल्याचं सांगितलं आणि आधी पैसे पाठवा म्हणाला. मागच्या पायाचा पंजा कोणत्या रंगाचा, एवढं विचारताच त्याने फोन ठेवला.