‘लेझर गेलाय’ म्हणण्याआधी: जुना सीडी प्लेअर घरी उघडताना

जुना सीडी प्लेअर डिस्क वाचत नाही म्हटलं की दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं, “लेझर गेलाय, पार्ट मिळत नाही.” ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मशीनचा लेझर जातोही, नाही असं नाही. पण त्याआधी लेन्सवरची धूळ, वाळलेलं ग्रीस, सैल बेल्ट आणि दमलेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) बघायचे असतात. बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी मशीन उलटं करून बघा. फिलिप्सच्या आणि इतरही काही जुन्या मॉडेलना खालून वाहतुकीचे स्क्रू असतात. ते आवळलेले राहिले तर मेकॅनिझम जागचं हलत नाही. जपानहून आलेलं मशीन असेल तर मागची पट्टी वाचा: १०० व्होल्ट लिहिलं असेल तर व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावायचा नाही. चाचणीसाठी कंपनीची छापील, चंदेरी सीडीच वापरा. घरी लिहिलेली सीडी-आर प्रकाश थोडा कमी परावर्तित करते आणि सीडी-आरडब्ल्यू तर फारच कमी, त्यामुळे आरडब्ल्यू वाचली नाही म्हणून १९८८ च्या प्लेअरला दोष देण्यात अर्थ नाही.

झाकण काढून, डिस्क न ठेवता ड्रॉवर बंद करा आणि बघत राहा. पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्स असलेला सरकता भाग, आतल्या टोकाला जातो, लेन्स दोन-तीनदा वर-खाली होते आणि तिरकं पाहिलं तर लेन्समध्ये बारीक लाल ठिपका दिसतो. हा ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्य प्रकाश आहे. ठिपका मंद दिसतो म्हणून तो निरुपद्रवी समजू नका. डोळा किमान ३० सेंमी लांब ठेवा, सरळ वरून कधीही बघू नका. लेन्स हलली, ठिपका दिसला, तर निम्मी यंत्रणा जिवंत आहे. पिकअप आतल्या टोकाला आपटून टकटक करत राहिला तर तिथला लिमिट स्विच (पिकअप टोकाला पोचल्याचं कळवणारा) काळवंडलेला असतो. प्लग काढून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. पॉवर स्विचच्या पायांवर २३० व्होल्ट उघडे असतात हे मात्र चाचणी करताना विसरू नका.

लेन्ससाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. काडी बुडवून टिश्यूवर टेकवा, जेमतेम ओलसर राहिली पाहिजे. लेन्स केसाएवढ्या तारांवर किंवा पातळ पट्ट्यांवर तरंगत असते, म्हणून दाब नाही, नुसता काडीच्या वजनाचा स्पर्श. मध्यापासून बाहेर गोल फिरवा, मग कोरड्या काडीने एकदा. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकच्या लेन्सचा सत्यानाश करतो आणि हँड सॅनिटायझरमधलं ग्लिसरीन वर थर सोडतं. कोकणात, गोव्यात पावसाळाभर बंद राहिलेल्या मशीनच्या लेन्सवर बुरशीची धूसर साय दिसते. ती एका फेरीत निघत नाही, पण म्हणून जोर लावायचा नाही.

ग्रीस हा खरा छुपा शत्रू. पिवळं, मेणासारखं झालेलं जुनं ग्रीस पिकअपला रांगू देत नाही, मग गाणं अडकतं. पिकअप ज्यावर सरकतो ती दांडी आणि त्याला सरकवणारे गिअर अल्कोहोलने पूर्ण स्वच्छ करा. धातूच्या दांडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुसून पसरवा, प्लास्टिकच्या गिअरवर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ. खोबरेल तेल नको, थंडीत ते गोठतं.

ड्रॉवर अडखळत असेल तर बेल्ट. बेल्ट ज्यांवर फिरतो त्या दोन्ही पुलींभोवती (चाकांभोवती) दोरा गुंडाळून लांबी मोजा, त्यातून ५ टक्के वजा करा, उरलेल्याला ३.१४ ने भागा. दोरा १२५ मिमी भरला तर साधारण ३८ मिमी व्यासाचा बेल्ट लागेल. जाडी जुन्या बेल्टची, बहुधा चौकोनी छेदाची. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीत टेपरेकॉर्डरच्या बेल्टांची मिसळ पाकिटं विचारा. ऑफिसचं रबरबँड काही दिवसच चालतं.

कुठे अडकतं यावरूनही दोष कळतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास, शेवटी २०० च्या. पहिली गाणी अडकतात आणि पुढची नीट वाजतात, तर डिस्क फिरवणारी मोटर झिजली असावी. ती बदलताना वरच्या चकतीची उंची व्हर्निअरने मोजून ठेवा, नवी चकती नेमक्या त्याच उंचीवर बसली पाहिजे.

फिलिप्सच्या सीडीएम-१ ते सीडीएम-४ या मेकॅनिझममध्ये दांडी-गिअर नसतातच, पिकअप हातासारखा झुलतो. त्याच्या बिजागरीला तेल लावू नका. तिथे वाळलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आणि तडकलेले सोल्डर जोड शोधा. फिलिप्सच्या सीडी-१०४ या प्लेअरच्या पिढीत सर्किट बोर्डाच्या दोन बाजू जोडणाऱ्या रिव्हेट सुटतात. त्यांतून बारीक तार ओवून दोन्हीकडे सोल्डर करावं लागतं. कपॅसिटर १०५ अंश तापमान सोसणारे घ्या, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त.

एवढ्यानंतरही डिस्क वाचत नसेल तर लेझरची पाळी. सोनीच्या बऱ्याच पिकअपवर स्टिकरच्या शेवटी तीन आकडे असतात: ४७७ म्हणजे लेझरचा करंट ४७.७ मिलिअँपिअर. लेझरला करंट देणाऱ्या सर्किटमधल्या (ड्रायव्हरमधल्या) रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजा. तो २२ ओहमचा असेल (सर्व्हिस मॅन्युअलमध्ये खात्री करा) तर १.०५ व्होल्टच्या आसपास यायला हवा. १० टक्क्यांहून बराच वर गेला असेल तर लेझरचा डायोड म्हातारा झाला. अशा वेळी पिकअपवरचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून करंट वाढवायचा मोह होतो. डिस्क वाजतेही, पण डायोड त्यातच लवकर मरतो. पिकअपच बदलायचा ठरला तर, सोनीच्या केएसएस-२१३ सारख्या नव्या पिकअपच्या बोर्डावर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका असतो. रिबन केबल जोडून झाल्यावरच, अर्थिंग असलेल्या सोल्डर गनने तो काढा. तो तसाच राहिला तर नवाकोरा पिकअपही ‘नो डिस्क’च दाखवेल.