संमेलनातील साक्षीची सभा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक संमेलनाची कार्यक्रमपत्रिका हाती आली की मी सर्वांत आधी साक्षीच्या सभेची, म्हणजे विश्वासाचे स्वतःचे अनुभव सांगण्याच्या सभेची, वेळ शोधत असे. प्रवचने मोठ्या व्यासंगाची असत, गायनसंघाची तयारी कितीतरी आधीपासून चाललेली असे आणि शब्बाथ शाळेतील मुले वचने म्हणू लागली की समोर बसलेल्या आयांचेही ओठ हलू लागत. तरीही आपला विश्वास दुसऱ्यापर्यंत कसा न्यावा, याविषयी मला जे काही उमगले ते मुख्यतः त्या एका सभेत उमगले.

संमेलनाचा विषय दर वर्षी निराळा असला, तरी त्याचा ओढा सुवार्तेकडे, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश इतरांना सांगण्याकडेच असे. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातील प्रभूची आज्ञा आम्हां सर्वांना तोंडपाठ होती. पण ती प्रेषितांना, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांना, फार तर मिशनऱ्यांना दिलेली आहे, असे मानण्याकडे मनाचा कल होई. अशा वेळी वक्ते विल्यम कॅरीचे उदाहरण हमखास देत. मूळचा जोडे बनवणारा हा इंग्रज पाळक, 1792 मध्ये त्याने ही आज्ञा प्रेषितांबरोबर संपली नाही असे लेखी मांडले, दुसऱ्याच वर्षी तो बंगालमध्ये आला आणि 1805 मध्ये त्याने आपल्या मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. ऐकताना ऊर भरून येई. मात्र एवढे आपल्या हातून काय होणार, हा प्रश्नही त्याच क्षणी मनात उभा राही आणि त्याचे उत्तर प्रवचनात सहसा मिळत नसे.

ते मिळे साक्षीच्या सभेत. अध्यक्षस्थानी असलेले वडील आरंभीच बजावत की, जे स्वतःच्या बाबतीत घडले तेवढेच सांगावे, दुसऱ्या कोणाच्या श्रद्धेविषयी वावगा शब्द काढू नये आणि देवाने केलेले काम आपल्या नावावर जमा करू नये. एका वर्षी बोलायला उठलेल्या एक बाई मला अजून स्पष्ट आठवतात. त्यांनी व्यासपीठावरील मेजाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि पहिली काही वाक्ये तर मागच्या रांगांना ऐकूही आली नाहीत. त्यांचे पती दीर्घकाळ अंथरुणाला खिळून असताना शेजारची एक ख्रिस्ती स्त्री रोज संध्याकाळी येऊन बसे आणि निघताना, “मी प्रार्थना करू का?” असे विचारी. एके दिवशी या बाईंनी वैतागून नकार दिला. दुसऱ्या दिवशी ती शेजारीण नेहमीच्याच वेळी आली, तितकाच वेळ बसली आणि त्या दिवशी तिने प्रार्थनेचा विषयही काढला नाही. “तिला मी हवी होते, माझा होकार नको होता,” असे म्हणून बाई थांबल्या. पुढे कधीतरी त्यांनी आपण होऊनच तिला विचारले की, तू रोज ज्याच्याशी बोलतेस तो कोण आहे?

दुसऱ्या एका वर्षी नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा आठवा अध्याय अभ्यासाला होता. यशयाचा ग्रंथ वाचत रथातून चाललेल्या कूशी, म्हणजे इथिओपियाच्या, अधिकाऱ्याला सुवार्तिक फिलिप्प गाठतो, आपण जे वाचत आहात ते समजते काय, असे आधी विचारतो, बोलावल्यावरच त्याच्याशेजारी बसतो आणि तो जो उतारा वाचत होता तेथूनच बोलायला आरंभ करतो. हे विवेचन करताना वक्त्यांनी नारायण वामन टिळकांची हकीकत सांगितली. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांशी आपुलकीने गप्पा मारल्या आणि नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि मराठी मंडळ्या आज जी भक्तिगीते गातात त्यांतील कितीतरी त्यांच्याच लेखणीतून उतरली. त्या सहप्रवाशाने केले ते एवढेच, आणि एवढे करणे आमच्यापैकी कोणालाही शक्य होते.

किती जण मंडळीत आले याचे आकडे काही अहवालांत वाचले जात, ते मला कधीच रुचले नाही. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या, असे पेत्र लिहितो. लावणारा आणि पाणी घालणारा यांच्याकडे पौल वाढीचे श्रेय देत नाही, ते तो देवाकडे देतो. आमच्या पाळकांनाही हे मनापासून पटलेले होते, असे मला वाटते, कारण शेवटच्या उपासनेत ते कोऱ्या चिठ्ठ्या वाटत. प्रत्येकाने परिचयातील एका व्यक्तीचे नाव लिहायचे, चिठ्ठी आपल्या पवित्र शास्त्रात ठेवायची, कोणाला दाखवायची नाही आणि वर्षभर त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करायची. पुढच्या संमेलनाच्या पहिल्याच सभेत ते विचारत की, त्या व्यक्तीच्या घरी गेला होतात का, तिचे दुखणेखुपणे तुम्हांला ठाऊक आहे का, तिचे म्हणणे तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतले का. ती व्यक्ती मंडळीत आली की नाही, हे त्यांनी विचारल्याचे मला स्मरत नाही. नव्या चिठ्ठ्या वाटताना मात्र गेल्या वर्षीचेच नाव पुन्हा लिहायला हरकत नाही, असे ते आवर्जून सांगत, आणि पुष्कळ जण तेच नाव लिहीत.