तुम्ही विचारलंत म्हणून : बेसबॉलमध्ये बॅटिंग ऑर्डरने फरक पडतो का?

ऑफिसच्या क्रिकेट टीममधली मंडळी हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यात थोडी चेष्टा असतेच. "नऊही जण फिरून फिरून येणारच आहेत ना? मग कोण आधी, कोण नंतर यावर तुम्ही दोघं एवढं काय भांडता?" दोघं म्हणजे मी आणि टोरांटोला काही वर्षं राहून आलेला, आता खारघरला स्थायिक झालेला आमचा एक सहकारी. ऐरोलीत अमेरिकन क्लायंटची कामं करता करता मला बेसबॉलचा नाद लागला. तो मात्र तिकडूनच ब्लू जेजचा, म्हणजे टोरांटोच्या बेसबॉल टीमचा, भक्त होऊन आलाय.

तर, फरक पडतो, पण थोडाच. आणि जो पडतो तो कोण कितवा येतो यापेक्षा कोणाच्या आगेमागे कोण येतो, याने पडतो.

आधी नियम. मॅचआधी दोन्ही टीमचे मॅनेजर नऊ नावांचा कागद अंपायरच्या हाती देतात. मॅच नऊ इनिंगची, बरोबरी असेल तर पुढेही चालते. एका इनिंगमध्ये तीन आउट झाले की बाजू बदलते, आणि पुढच्या इनिंगला यादी जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू होते. आपल्यासारखं "आता मार हवाय, त्याला वर पाठवा" असलं काही चालत नाही. चुकून कोणी भलत्याच्या जागी बॅटिंग करून गेला आणि समोरच्यांनी वेळेत अपील केलं, तर ज्याची खरी पाळी होती तो आउट. बदली खेळाडू आणता येतो, पण तो यादीतल्या त्याच जागेवर येतो आणि बाहेर गेलेला त्या मॅचमध्ये परत येत नाही.

म्हणूनच एकट्याने मॅच ओढून नेण्याला तिथे मर्यादा आहे. बेब रूथसारखा जुना महान फटकेबाज असला तरी त्याला आठ जणांनंतरच पुन्हा बॅट मिळणार. मॅच कोणत्याही नंबरवर संपू शकते, तेव्हा मोसमातल्या १६२ मॅचना नऊने भागा: वरच्या प्रत्येक नंबरला त्याच्या खालच्यापेक्षा साधारण १८ वेळा जास्त बॅट मिळते, म्हणजे पहिल्याला नवव्यापेक्षा जवळजवळ १४४ वेळा जास्त. पूर्वी पहिला पळणारा, तिसरा सर्वांत भरवशाचा आणि चौथा दांडगा अशी रीत होती. १९२९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजनी शर्टावर आकडे घातले तेही बॅटिंग ऑर्डरप्रमाणे, रूथला ३ आणि लू गेरिगला ४. आता आकडेमोड करणारे म्हणतात की चांगल्यांना पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या नंबरवर आणा. पण त्यांच्याच हिशेबात उत्तम ऑर्डर लावून अख्ख्या मोसमात मिळतात दहा-पंधरा धावा. टीम मोसमात सातशेच्या आसपास धावा करते आणि दहा धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय. आता एका विजयासाठी वर्षभर भांडायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. १९७२ मध्ये डेट्रॉइट टीमचा मॅनेजर बिली मार्टिन याने वैतागून टोपीत चिठ्ठ्या टाकल्या, निघतील तशी नावं लिहिली आणि ती मॅच ३-२ ने जिंकलीही!

इथपर्यंत ऐकलं की क्रिकेटवाले खूश. पण मग मी त्यांना २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदासाठीच्या सात मॅचच्या मालिकेचा, शेवटचा आठवडा सांगते.

लॉस एंजेलिस डॉजर्स विरुद्ध टोरांटो ब्लू जेज, तिसरी मॅच. आपल्याकडे २८ ऑक्टोबर, मंगळवार, पहाटे साडेपाच. डॉजर्सचा शोहेई ओहतानी यादीत पहिला. पहिल्या चार वेळांत त्याने दोन डबल (धावेच्या वाटेवरच्या तीन बेसपैकी, म्हणजे थांब्यांपैकी, एका फटक्यात दुसरा गाठणं) आणि दोन होमरन (आपल्या षटकारासारखे थेट बाहेर) मारले. डबा भरता भरता मी सातव्या इनिंगमधला त्याचा दुसरा होमरन पाहिला, स्कोअर ५-५. तिथून पुढे टोरांटोने ठरवलं की याला खेळूच द्यायचं नाही. बेसबॉलमध्ये समोरच्याला मुद्दाम फुकट पहिला बेस देऊन टाकता येतो, आणि २०१७ पासून त्यासाठी बॉल टाकायचीही गरज नाही. डगआउटमधून मॅनेजरने चार बोटं दाखवली की झालं. नवव्या, अकराव्या, तेराव्या, पंधराव्या इनिंगला चार बोटं. एकही बेस भरलेला नसतानासुद्धा! सतराव्यात बॉल टाकले, तर तेही चार बाहेर, म्हणजे पुन्हा फुकट बेस; यालाच वॉक म्हणतात. मी ट्रान्सहार्बरच्या लेडीज डब्यात फोन धरून उभी, आणि दर वेळी खारघरवाल्याचा मेसेज: नुसती चार बोटं.

हे टोरांटोला परवडलं, कारण ओहतानीच्या मागे मुकी बेट्स होता आणि बेट्सची बॅट त्या दिवसांत रुसलेली. एरवी मोठा खेळाडू, पण पिचरच्या, म्हणजे आपल्या बोलरच्या, दृष्टीने त्या आठवड्यात तोच सोपा शेजारी. अखेर अठराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या नंबरच्या फ्रेडी फ्रीमनने होमरन मारून मॅच ६-५ ने संपवली. सहा तास एकोणचाळीस मिनिटं. आमच्याकडे जेवणाची वेळ व्हायला आली होती आणि त्या दिवशी सकाळी मी काय काम केलं ते कोणी विचारू नये.

मग ऑर्डर बदलली. पाचव्या मॅचला डॉजर्सच्या मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने विल स्मिथला दुसऱ्या नंबरवर चढवलं, बेट्सला तिसऱ्यावर ढकललं. निकाल? ६-१ ने हार. टोरांटोचा नवखा पिचर ट्रे येसॅव्हेज याने बारा जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये आउट, केलं; समोरचा असं टाकत असेल तर यादी कशीही लावा. खारघरहून लगेच विचारणा: "मग? बदलून काय मिळालं?"

मधल्याच गुरुवारी, ३० ऑक्टोबरला, मी नेरूळला डी. वाय. पाटीलमध्ये होते. महिला वर्ल्ड कपची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. शफाली लवकर गेली आणि जेमिमा आत येताना दिसली. मागच्या रांगेतले काका म्हणाले, "अरे, ही आत्ताच कशी?" तिलाही पाचव्या नंबरची अपेक्षा होती, तिसऱ्यावर जायचंय हे जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं, असं तिने मॅचनंतर सांगितलं. १३४ बॉलमध्ये नाबाद १२७, आणि आपण पाच विकेट राखून फायनलमध्ये. क्रिकेटमध्ये ऑर्डरला वजन आहे ते यामुळे. एकदा आत गेलेली बाई आउट होईपर्यंत आतच राहते, ३०० बॉलपैकी १३४ एकटी खेळू शकते. बेसबॉलमध्ये तुम्ही कितीही फॉर्मात असा, पुढच्या आठ जणांची वाट बघत बसा. आणि शेवटच्या क्षणी कर्णधाराला सुचलेलं शहाणपण तिथे, मॅच सुरू झाल्यावर, कामाला येत नाही.

सहाव्या मॅचला बेट्स चौथ्यावर. तिसऱ्या इनिंगमध्ये पुन्हा ओहतानीला चार बोटं, पण आता मागे स्मिथ. त्याने डबल मारून धाव काढली. फ्रीमनला वॉक, तिन्ही बेस भरले, आणि दोन पायऱ्या खाली सरकलेल्या बेट्सने दोन धावांचा फटका मारला. डॉजर्सच्या तिन्ही धावा याच इनिंगमधल्या, मॅच ३-१. चार बोटांची किंमत पहिल्यांदा चुकवावी लागली.

आता सातवी मॅच, २ नोव्हेंबर, रविवारची सकाळ. त्याच दिवशी नेरूळला आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकायचा होता, पण ते नंतर. नवव्या इनिंगमध्ये टोरांटो ४-३ ने पुढे, विजेतेपदाला दोन आउट हवेत, आणि समोर डॉजर्सच्या यादीतला नववा, मिगेल रोहास. फिल्डिंगसाठी नावाजलेला, होमरनसाठी नाही. तीन बॉल, दोन स्ट्राइक झाले, म्हणजे आणखी एक बाहेर गेला की वॉक, आणखी एक हुकला की आउट. रोहासला वॉक दिला असता तर पुढे ओहतानी, बेसवर माणूस असताना. त्यामुळे टोरांटोचा पिचर जेफ हॉफमन याला बॉल खेळण्याजोगा टाकणं भाग होतं. रोहासने तो लेफ्ट फिल्डच्या पलीकडे घातला. ४-४.

खारघरवाला अजून म्हणतो की हॉफमनने तो बॉल बाहेर टाकून द्यायला हवा होता. मी विचारते, "आणि ओहतानी?" तो चार बोटं दाखवतो. "बरं, मग दोन बेस भरलेले आणि समोर विल स्मिथ. त्याचं काय करणार होतास?" यावर तो चहा मागवतो. अकराव्या इनिंगमध्ये ५-४ चा होमरन स्मिथनेच मारला होता.