मंगळवारचा व्हाइस

पुण्याच्या जुन्या बाजारात कुठल्याही व्हाइसचं, म्हणजे बाकाला बसवून जबड्यात काम आवळून धरायच्या लोखंडी अवजाराचं, वय विचारा, उत्तर ठरलेलं: "इंग्रजांच्या टायमाचा आहे, साहेब." जालंधरच्या कारखान्यातून निघालेला आणि छातीवर 'मेड इन इंडिया' मिरवणारा व्हाइससुद्धा इंग्रजांच्याच टायमाचा असतो. यात विकणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. जुनं ते इंग्रजी आणि इंग्रजी ते मजबूत, हे त्याला गिऱ्हाइकांनीच शिकवलंय. शिवाय भाव ठरतो तो वजनावर आणि आटे किती झिजलेत त्यावर. साल कोण विचारतो?

मी विचारतो. जुनी नाणी, घड्याळं, पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना चार लोकांत जरा मान असतो. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून बिडाच्या ठोकळ्यावर टॉर्च मारणाऱ्याकडे मात्र लोक भंगारवाल्याचा धंद्यातला प्रतिस्पर्धी म्हणूनच बघतात. असू दे. नाण्यावर साल छापलेलंच असतं, त्यात डोकं चालवायला काय उरतं?

व्हाइसवर साल का नसतं, याचं कारण फाउंड्रीत सापडतं. बिडाचा व्हाइस ओतायचा तर आधी त्याचा पॅटर्न लागतो, तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात रस सोडायचा. उठावाची अक्षरं पॅटर्नवरच बसवलेली असतात. चांगला पॅटर्न करायला पैसा आणि हात दोन्ही लागतात, म्हणून तो एकदा जमला की वर्षानुवर्षं वापरायचा. दर जानेवारीत आकडा बदलत बसायला कारखानदाराला वेळही नव्हता आणि गरजही नव्हती. त्याला हवं होतं नाव, गाव आणि पेटंट. त्यामुळे व्हाइसच्या अंगावरची कुठलीच खूण 'मी अमुक साली जन्मलो' असं सांगत नाही. एखादी म्हणते, 'याच्या आधीचा मी नाही', दुसरी म्हणते, 'याच्या नंतरचा मी नाही'. या दोघींच्या मध्ये जितकी फट उरेल, तितकं त्याचं वय तुम्हाला कळलं. फट अरुंद करत नेणं, एवढाच या नादातला खेळ आहे.

पेटंटपासून सुरुवात करावी. कनेक्टिकट राज्यातल्या मेरिडेन गावच्या चार्ल्स पार्करचे व्हाइस अमेरिकेतल्या जुन्या लोकांच्या तळघरांत अजून मिळतात. तिकडच्या त्या काळच्या मालावर पेटंटच्या तारखा उठावानं घातलेल्या असतात, कधी कधी एकाखाली एक. नवशिका सगळ्यात जुनी तारीख वाचतो आणि व्हाइसचा वाढदिवस साजरा करतो. बघायची ती सगळ्यात अलीकडची. पण तीही जन्मतारीख नव्हे. 1861 पासून तिथल्या पेटंटची मुदत सतरा वर्षांची होती आणि मुदत सरल्यावरही पॅटर्नवरून ती ओळ खरवडून काढायचे कष्ट कोण घेणार? म्हणजे पेटंटची तारीख फक्त एक कड देते, 'याच्या आधीचा नाही' ही. त्यापुढे किती वर्षं मोजायची, हे तिला माहीत नसतं.

त्यातून गंजानं अक्षरं खाल्लेली असतात. तीन आणि आठ यांत फरक उरत नाही. इथे एक मजेदार किल्ली कामाला येते: अमेरिकेत पेटंट निघतं ते मंगळवारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा रिवाज आजतागायत चालू आहे. समजा तारीख दिसतेय 7 ऑक्टोबर, पण साल 1873 की 1878 ते लागत नाही. कॅलेंडर काढा. 1873 सालचा 7 ऑक्टोबर मंगळवार होता, 1878 सालचा सोमवार. झालं, आठ बाद. उपासतापासासाठी मंगळवार मोजणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलोय, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या मंगळवारासाठी कॅलेंडर मागे मागे सरकवत बसण्यात जी गंमत आहे ती वेगळीच. नुसता पेटंट नंबर असेल तर काम आणखी सोपं. 1836 साली त्यांनी एकपासून मोजायला सुरुवात केली आणि 1911 मध्ये दहा लाखांचा आकडा गाठला. सात आकडी नंबर असलेला व्हाइस एकोणिसाव्या शतकातला म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर मुकाट्यानं पुढच्या पथारीकडे वळावं.

इंग्रजांची तऱ्हा निराळी. त्यांच्या मालावर 1842 ते 1883 या काळात नोंदवलेल्या डिझाइनसाठी एक चौकटीची खूण असे, कोपऱ्या-कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे भरलेली. 1884 पासून ती गेली आणि साधा नंबर आला. त्यांचे पेटंट नंबर दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत. 1916 मध्ये ते सोडून त्यांनी सलग मोजणी धरली, तीही थेट 1,00,001 पासून. म्हणजे इंग्लंडचा सहा आकडी पेटंट नंबर दिसला की 1916 च्या अलीकडे या, मागे बघू नका. 'इंग्लंड' हा शब्दही उगाच नसतो. परदेशातून आलेल्या मालावर मूळ देशाचं नाव हवंच, असा कायदा अमेरिकेनं 1890 साली केला आणि पुढच्या वर्षीपासून तो लागू झाला. तेव्हापासून इंग्लंडच्या मालावर देशाचं नाव सर्रास दिसू लागलं.

आता आपल्याकडचं. अशाच एका सहा आकडी इंग्लिश व्हाइसच्या बुडाशी कोणीतरी अक्षरं ठोकायच्या पंचानं 'जीआयपीआर' अशी इंग्रजी अक्षरं ठोकलेली मला दिसली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ही रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत विलीन झाली. परळ किंवा माटुंग्याच्या वर्कशॉपात तो कधीतरी बाकाला जखडून बसला असेल, नसेलही. अक्षरांतून तेवढं कळत नाही. पण कडा दोन्ही मिळाल्या: 1916 आणि 1951. मी मोठ्या हौसेनं हे सगळं विकणाऱ्या चाचांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे इंग्रजांच्याच टायमाचा ना? मी काय वेगळं बोललो?"

इंग्रजांच्या सरकारी मालावर मालकीची खूण म्हणून बाण असतो. बाणाला 'आय' हे इंग्रजी अक्षर जोडलेलं असेल तर तो हिंदुस्थान सरकारचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यामुळे आणि लष्कराच्या डेपोंमुळे पुण्याच्या भंगारात असे बाण डोकावतात. देशी व्हाइसच्या बाबतीत माप बघावं. मेट्रिक पद्धत आपल्याकडे 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली; जबड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये ओतलेली असेल तर राणीचं नाव घ्यायचं कारण नाही. उलट मात्र खरं नाही. आपले कारागीर आजही चार इंची, सहा इंचीच मागतात.

शेफील्डच्या 'रेकॉर्ड'चं नाव आपल्याकडचे जुने फिटर अजून आदरानं घेतात. निळा रंग, जाड मान. सी. अँड जे. हॅम्प्टन ही त्यामागची कंपनी. 1972 मध्ये ती रिजवेशी जोडली गेली, म्हणून नावापुढे 'रिजवे' लागलेलं असेल तर माल त्यानंतरचा. मला स्वतःला शिप्लीच्या पार्किन्सनचा 'परफेक्ट' जास्त आवडतो. त्याच्या हँडलपाशी एक खिट्टी असते. ती दाबली की अर्धा नट आट्यांवरून सुटतो आणि पुढचा जबडा दारासारखा ढकलून बंद करता येतो. सोडली की नट आटे पकडतो, मग पाव फेऱ्यात काम घट्ट. स्वतःच्या मालाचं नाव 'परफेक्ट' ठेवायला छाती लागते. त्या खिट्टीकडे बघून ती माफ करावीशी वाटते.

तारीख घालायची, पण बघणारा नेमका पाच वर्षांनी चुकेल अशी, हा चमत्कार शिकागोच्या विल्टननं केला. ह्यू व्होगल हा चेकोस्लोव्हाकियातून आलेला माणूस. त्यानं 1941 मध्ये ही कंपनी काढली आणि विल्टन ॲव्हेन्यूवरून तिला नाव दिलं. त्याच्या व्हाइसचा स्क्रू पूर्ण बंद गोल नळीत असतो, त्यामुळे कीस आणि धूळ आट्यांपर्यंत पोचतच नाही. या आकारामुळे लोक त्याला 'बुलेट' म्हणतात. जबडा पूर्ण बाहेर ओढला, खाली आरसा धरला आणि तेलकट मळ पुसला की सरकत्या दांड्याच्या पोटाला आकडे सापडतात. समजा 4-52. एप्रिल 1952? नाही. ही हमी संपण्याची तारीख. हमी पाच वर्षांची, म्हणून व्हाइस एप्रिल 1947 चा. पुढे कंपनीनं हा प्रकार सोडला आणि सरळ बनवल्याची तारीख ठोकायला लागली. मग नुसता आकडा दिसला तर तो कुठल्या पद्धतीचा? तेव्हा गावाचं नाव बघायचं. आधीच्या मालावर शिकागो, 1950 च्या दशकाच्या अखेरीस कारखाना हलल्यानंतरच्या मालावर शिलर पार्क. कारखान्यानं स्वतःच्या हाताने 'इथपर्यंतच माझी जबाबदारी' असं पोलादात ठोकून ठेवावं आणि त्या तारखेनंतर सत्तर वर्षं वस्तूनं न कुरकुरता काम करावं, हे मला फार आवडतं. आपल्या मिक्सरच्या हमीपत्राशी याची तुलना मी मुद्दामच करत नाही.

लोहाराच्या पायवाल्या व्हाइसवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. त्याचा एक पाय जमिनीपर्यंत जातो, म्हणजे घणाचा दणका बाकाला न बसता भुईत उतरतो. हा घडीव लोखंडाचा, ओतलेला नव्हे. इथे वाचन बोटांनी करायचं. बाकाला बसवायची पट्टी पाचर ठोकून अडकवलेली असेल तर जुना बेत. स्क्रू ज्या नळीत फिरतो तिच्यात बोट घालून बघावं: फार जुन्या कामात आतले आटे कापलेले नसत, चौकोनी पट्टीचं वेटोळं आत सरकवून पितळेनं झाळलेलं असे. बॅटरीच्या उजेडात तो पिवळेपणा दिसतो. एकसंध धातूत आटे पाडलेल्या नळीला इंग्लंडात 'सॉलिड बॉक्स' म्हणत. डडलीच्या पीटर राइटनं तर ते शब्द अभिमानानं नळीवरच ठोकले.

जबड्याच्या पट्ट्यांचे स्क्रूही बघावेत. अधिकच्या चिन्हाचा फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बाजारात नव्हताच. त्याआधीच्या व्हाइसवर तो असेल तर पट्ट्या नंतर कोणीतरी बदलल्यात. इथून पुढे कारखाना संपतो आणि माणसं सुरू होतात. मागच्या सपाट भागावर ड्रिलचे खड्डे असतात: कोणीतरी खाली लाकूड न घेता भोक पाडलंय, तेही पुन्हा पुन्हा. हँडल वाकलेलं असेल तर त्यावर पाइप चढवून जोर लावलाय. बीड तडकलं की ते पितळेनं जोडतात, तिथे हळदीसारखी पिवळी रेघ उरते. जबडा एका टोकाला जास्त झिजलेला असेल तर त्या बाकावर वर्षानुवर्षं एकाच प्रकारचं बारीक काम चाललं होतं. या खुणांना साल नसतं, पण वस्तू कोणाच्या हाताखाली होती, त्याचा स्वभाव कळतो.

म्हणूनच वाळूचा फवारा मारून, चकचकीत करून, वर निळा किंवा लाल एनॅमल फासलेले व्हाइस मला बघवत नाहीत. हल्ली याला 'रिस्टोअर' म्हणतात आणि त्याचे व्हिडिओ लोक जेवताना बघतात. एका दुपारी मूळ रंग, पंचाची अक्षरं, कारखान्याच्या खुणेचा उरलासुरला भाग, सगळं धुऊन निघतं. मग माणूस विचारतो, हा कधीचा असेल हो? मला विचाराल तर आधी रॉकेल आणि जुना टूथब्रश. मग अक्षरांवर आडवा खडू फिरवावा. उठावाला खडू लागतो, खोलगट भाग काळा राहतो आणि नाव आपोआप वर येतं. पंचानं ठोकलेल्या अक्षरांना उलट, तिथे खोल भागात खडूची भुकटी भरून वरचं पुसून घ्यायचं. टॉर्च समोरून न धरता बाजूनं, जवळजवळ आडवा धरावा. रंगाचे थर बघायचे तर पट्टीच्या आड, जिथे कोणाचा हात पोचत नाही तिथे, ब्लेडनं नखाएवढीच जागा खरवडावी. ग्राइंडर लांब ठेवावा. आटे साफ झाले की ग्रीस भरून व्हाइस बाकाला बोल्टांनी पक्का आवळावा आणि कामाला लावावा; घट्ट पकडत असेल तर शो-केसमध्ये त्याचं काही काम नाही.