मादागास्कर जिथून सुटलं: मलपेची सेंट मेरीज बेटं

कर्नाटकातल्या उडुपीजवळच्या मलपे बंदरातून निघालं की समोर माडांची एक आखूड रांग तेवढी दिसते. अर्ध्या तासात सेंट मेरीज बेटांपैकी कोकोनट आयलंड जवळ येतं, आणि माडांखालचा राखी-काळा कडा म्हणजे एकमेकांना चिकटून उभे असलेले खांब आहेत हे लक्षात येतं.

काळा कातळ आणि खांब दिसले की आपल्या तोंडी पटकन 'बेसॉल्ट', म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा काळा खडक, येतं. या बेटांबद्दलही बऱ्याच ठिकाणी तसंच लिहिलेलं आढळतं, आणि ते मला फार खटकतं. हा खडक ऱ्हायोलाइट-डेसाइट जातीचा आहे, म्हणजे लाव्ह्याचाच, पण जास्त सिलिका (वाळूतला मुख्य घटक) असलेला. बेसॉल्टमध्ये सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते, इथे ती ७० टक्क्यांच्या आसपास आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, हा त्याच्या दोन-अडीच कोटी वर्षं आधीचा. भिंगातून पाहिलं तर बारीक राखी खडकात फेल्स्पार या खनिजाचे पांढुरके स्फटिक दिसतात. हातोडी मात्र आणू नका. हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, आणि लाटांनी घासलेल्या कडांवर पाहण्यासारखं पुष्कळ उघडं पडलेलं आहे.

भारत, मादागास्कर, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया ज्यात एकत्र होते ते गोंडवन महाखंड एका फटक्यात फुटलं नाही. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी फाटायला सुरुवात झाली. १३ कोटींच्या सुमारास भारत आणि मादागास्कर, एकमेकांना जोडलेलेच, अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटले. मग ९ कोटींच्या सुमारास हा जोडही उसवला. तेव्हा हा प्रदेश मॅरियन या तप्तस्थळाच्या (खोलातून उष्ण द्रव्य वर येतं अशा जागेच्या) आसपास होता. भूकवच ताणून पातळ झालं आणि भेगांतून शिलारस वर आला. त्याचा मोठा वाटा मादागास्करमध्ये राहिला, भारताच्या किनाऱ्यावर मात्र असे थोडेच तुकडे उरले. म्हणून या चिमुकल्या बेटांचं मोल मोठं आहे. मादागास्करचं उत्तर टोक आज इथून सुमारे ४,००० किलोमीटरवर आहे.

वयावर वाद झाला. झिरकॉन या खनिजातल्या युरेनियम-शिशाच्या मोजणीतून २००० साली ९.१२ कोटी वर्षं हा आकडा आला, तर पुढच्याच वर्षी खडकात साठलेला आरगॉन वायू मोजण्याच्या पद्धतीने ८.५६ कोटी. दोन्ही आकडे मादागास्करमधल्या ज्वालामुखीच्या काळातच बसतात, त्यामुळे फुटीशी असलेला संबंध कोणी नाकारत नाही. खडकात गोठलेली चुंबकीय दिशाही, भारत मागे सरकवून मादागास्करला टेकवला, की तिथल्या खडकांशी जुळते.

खांब कसे झाले ते कड्याजवळ बसून बघावं. लाव्हा गार होताना आकसतो आणि तडकतो. तडे थंड पृष्ठभागाकडून आत, त्या पृष्ठभागाला काटकोनात सरकतात. एकसारखं आकसताना ते साधारण १२० अंशांत मिळतात, म्हणून षटकोन जास्त. पण पाच आणि सात बाजूंचेही भरपूर सापडतात, कारण गार होणं सगळीकडे सारखं नसतं. खांब कलता दिसला तर थंडावणारा पृष्ठभाग तिथे आडवा नव्हता, किंवा प्रवाह नंतर कलला, असं समजावं.

जायचं ओहोटी बघून. भरतीत खांबांची कापलेली टोकं, म्हणजे फरशीसारखं दिसणारं सपाट अंगण, पाण्याखाली जातं आणि निम्मी मजा तिथेच संपते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने बोटी बंद असतात. एरवीही पुरेसे प्रवासी जमेपर्यंत बोट थांबते, तेव्हा ओहोटीच्या वेळेआधी तासभर तरी बंदरावर पोचावं. मुंबईहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस उडुपीला थांबते, तिथून मलपे सहाएक किलोमीटर. पुळणीवर वाळूपेक्षा शिंपल्यांचाच खच जास्त आणि ओले खांब शेवाळाने निसरडे, म्हणून पक्क्या तळव्याचे, भिजले तरी चालतील असे बूट हवेत. सावली माडांची तेवढीच, पाणी सोबत घ्यावं. बेटावर मुक्काम करता येत नाही, परतीची शेवटची बोट किती वाजता ते उतरतानाच विचारून ठेवावं.