कान्हेरीला सनसेट बघायला गेले आणि पाण्याच्या टाक्या बघून आले

आई नाशिकहून आठ दिवस राहायला आली होती. चौथ्या दिवशी तिने टीव्ही बंद केला आणि विचारलं, तुमच्या मुंबईत मॉल सोडून काही आहे का गं? मी दहिसरला राहते, नॅशनल पार्क एका स्टेशनावर, आणि अकरा वर्षांत मी तिथे दोनदा गेलेय, तेही मुलाच्या शाळेच्या पिकनिकला डबे सांभाळायला. मग रात्री मोबाईलवर शोधाशोध केली तर एक जाहिरात दिसली, कान्हेरी लेणी आणि गोराईचा पॅगोडा, गाईडसह हाफ डे सनसेट टूर, माणशी ९५० रुपये. फोटोत लेण्यांच्या कातळावर नारिंगी सूर्य टेकलेला, एक मुलगी हात पसरून उभी. आई म्हणाली पांडवलेणी माझ्या घरासमोर आहेत, मला काय दाखवतेस, पण पॅगोडा, म्हणजे विपश्यनेवाल्यांचा ध्यानाचा मोठा घुमट, म्हटल्यावर लगेच तयार झाली. ती इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आलेली आहे. आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली नाही तरी ते शिबिर निघतं.

बुकिंग केलं, पैसे गेले, व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. आणि मग हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली. पार्कची एंट्री वेगळी, लेण्यांचं तिकीट वेगळं, आतल्या बसचे पैसे वेगळे, बोटीचे वेगळे. मग ९५० कशाचे, असं मी ग्रुपवर विचारलं तर ‘गाईड अँड कोऑर्डिनेशन मॅम’ असं उत्तर आलं. तर तुम्ही जाणार असाल तर ‘इनक्लुडेड’च्या खाली काय लिहिलंय ते आधी वाचा, मी वाचलं नव्हतं, आणि मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, म्हणजे बघा.

शनिवार होता, जानेवारी, ऊन बरं होतं. (सोमवारी पार्क बंद असतो, आमच्या शेजारणीने एकदा सोमवारी पाहुण्यांना नेऊन गेटवरून परत आणलेलं आहे.) साडेबाराला बोरिवलीच्या मेन गेटवर या म्हणून सांगितलं होतं, आम्ही सव्वाबाराला हजर आणि गाईड एकला आला. पुरातत्त्व शिकणारा मुलगा, चोवीस-पंचवीसचा असेल, पाठीला सॅक आणि हातात पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. उशीर झाल्याबद्दल सॉरी म्हणाला आणि पुढचं वाक्य असं की मंडळी, एक आधीच सांगतो, लेण्यांवरून सूर्यास्त दिसणार नाही, लेणी पाचला बंद होतात, तो जाहिरातीतला फोटो मी टाकलेला नाही. चौदा जणांचा ग्रुप, त्यातल्या तीन मुली रील करायला नटून आलेल्या, त्यांचे चेहरे उतरले, एक काका रिफंड रिफंड करायला लागले. मला मात्र तो पोरगा तिथेच आवडला. खोटं त्याचं नव्हतं, शिव्या तो खात होता.

गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. पार्कातली बस भरल्याशिवाय सुटत नाही, त्यात अर्धा तास गेला. बस झाडीत शिरल्यावर बोरिवलीच्या रिक्षांचा आवाज कधी बंद पडला ते कळलंच नाही. वर उतरल्यावर पार्कातल्या आदिवासी बायका काकड्या, बोरं, ताक घेऊन बसलेल्या. आईने काकडी घेतली, तिखटमीठ लावून, आणि हातातली अर्धी काकडी माकडाने नेली. ही लूटमार तिथे रोजची असावी, कारण काकडीवाल्या मावशींनी वर न बघता दुसरी कापायला घेतली. पिशव्या, वेफर्सची पाकिटं बाहेर काढू नका, एवढं ऐका.

आता लेणी. मी शाळेत भूगोल-इतिहास एकत्र पास झालेली बाई आहे, तरी सांगते. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून साधारण दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे काम आणि वस्ती चालू होती, शंभराहून जास्त लेणी, सगळी काळ्या बेसॉल्टमध्ये. गाव म्हणा ना, बौद्ध भिक्खूंचं. जुनं नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, त्यावरून कान्हेरी. तीन नंबरचं लेणं मोठं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचा हॉल, दारात दोन्ही बाजूंना सात-सात मीटरचे बुद्ध उभे, आत खांबांची रांग आणि टोकाला स्तूप. सातवाहनांचा राजा यज्ञश्री सातकर्णी, त्याच्या काळातला लेख तिथे आहे, दोन व्यापारी भावांनी पैसे दिले. गाईडने सगळ्यांना खांब नीट बघायला लावले. काही खांबांवर हत्ती, माणसं, कोरीव काम एकदम बारीक, आणि बाकीचे नुसते साधे, घडवून सोडून दिलेले. आई म्हणाली, पैसे संपले वाटतं. तो हसला, म्हणाला आजी, आम्हाला पण असंच काहीतरी वाटतं. माझ्या डोळ्यासमोर आमच्या बी विंगचं अर्धवट प्लास्टर आलं.

इथपर्यंत छान छान चाललं होतं. खरी गंमत पुढे.

अकरा नंबरचं लेणं, दरबार हॉल म्हणतात त्याला, आत जमिनीवर दगडाचे दोन लांबच लांब बाक कोरलेत, पंगतीसारखे. तिथल्या अंगणात गाईड थांबला आणि म्हणाला आता बुद्ध नका बघू, खाली बघा. खाली जमिनीत चौकोनी तोंडाचं टाकं, आत पाणी. मग वर बघा म्हणाला. वर कातळाच्या कपाळावर एक बारीक पन्हळ कोरलेली, पावसाचं पाणी दारावर न पडता बाजूला वळून टाक्यात यावं म्हणून. मग पुढच्या लेण्याला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. अख्ख्या डोंगरावर, जिथे राहायची खोली तिथे बहुतेक बाजूला टाकं, आणि वरून उताराने खोदलेल्या पन्हळी, एक भरलं की पाणी पुढच्यात. नळ नाही, पंप नाही, बॉलकॉक नाही. चार महिने जो काय पाऊस पडेल तो धरायचा आणि आठ महिने प्यायचा.

तुम्हाला वाटेल त्यात एवढं काय. तुम्ही आमच्या सोसायटीची खजिनदारी करून बघा. मार्चपासून जूनपर्यंत आठवड्याला तीन टँकर, त्यावरून मीटिंगमध्ये भांडणं, ए विंगला प्रेशर येतं आणि बी विंगला येत नाही, आणि रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा आमच्याकडेही आहे बरं का, बिल्डरने परवानगीपुरता केलेला, त्यात आता कोणाचीतरी मोडकी सायकल आहे. दहिसरमध्ये जो पाऊस पडतो तोच या डोंगरावर पडतो. मी त्या टाक्याच्या काठावर उकिडवी बसून किती वेळ बघत होते, मागच्या रील-वाल्या मुलीने विचारलं काकू काही पडलं का आत.

गाईडला बहुतेक असा श्रोता कधी मिळाला नसावा, तो खुललाच. म्हणाला ताई, इथे ब्राह्मी लिपीत पन्नासच्या वर लेख आहेत आणि त्यात कोणी काय दान दिलं ते लिहिलंय, आणि या टाक्याला त्यांचा शब्द आहे ‘पोढी’. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिली. कल्याणच्याच एका लोहाराने पायवाट करून दिली. सोपाऱ्याचे, चौलचे लोक आहेत. राजे-महाराजे कमी, धंदेवाले, कारागीर, घरगृहस्थी करणारी माणसं, भिक्खुणीसुद्धा. आणि राहायच्या जागेला शब्द ‘लेण’. म्हणजे आपण लेणं म्हणतो ते तेव्हापासून चालत आलंय. आईला हे फार आवडलं, ती म्हणाली लेणं म्हणजे दागिना पण, सोनाराने दिलं ते बरोबरच.

कल्याणहून बोरिवलीला यायचं तर मला आजही दादरला गाडी बदलावी लागते. तो सोनार कसा आला असेल, एवढ्या लांब कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यासाठी का पैसे दिले असतील. आमच्याकडे टाकी साफ करायचे माणशी दोनशे मागितले तर तीन घरांनी अजून दिलेले नाहीत.

पुढच्या पायऱ्या उंच आहेत, कातळातच खोदलेल्या, आणि आईचा उजवा गुडघा. ती म्हणाली मी इथे बसते, तुम्ही जा. मला अपराधी वाटत होतं पण मी गेले, खरं सांगते. वर चौतीस नंबरमध्ये छतावर बुद्धाचं अर्धवट रंगवलेलं चित्र, डोळे अंधाराला सरावले की हळूहळू दिसतं. एक्केचाळीस नंबरला अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. आणि नव्वद नंबरला भिंतीवर पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले लेख, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले, इथे बघायला आलेल्या पारशी लोकांनी आपली नावं कोरलेली. म्हणजे भिंतीवर नाव लिहायची खोड किती जुनी. (आता कोणी करू नका, दंड आहे.) अगदी वर गेल्यावर डोंगराच्या पाठीवर सगळीकडे पायऱ्या आणि टाकी आणि खाली नुसतं जंगल, त्या जंगलातच विहार आणि तुळशी तलाव. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, दोन्ही अजून मुंबईला पाणी देतात, थोडंसंच का होईना. भिक्खू गेले, मग बऱ्याच शतकांनी इंग्रज इंजिनिअर आले आणि त्यांनीही पाणी धरायला हाच डोंगर बघितला. हे मला कोणी शाळेत असं लावून सांगितलं असतं तर इतिहासात चांगले मार्क पडले असते.

खाली आले तर आई टाक्याशेजारी बसून एका सफाईवाल्या बाईशी गप्पा मारत होती, तिच्या मुलीचं लग्न कुठे ठरलंय इथपर्यंत पोचलेली. गुडघा? ठीक आहे म्हणाली. तिचं ठीक आहे म्हणजे रात्री तेल लावावं लागणार.

सव्वाचारला निघालो, बसची परत रांग, रिफंडवाले काका परत सुरू. गेटवरून रिक्षांनी गोराई जेट्टी, शनिवारचं ट्रॅफिक, लिंक रोडवर आम्ही जवळजवळ उभेच. मी घड्याळ बघत होते, आयोजकांनी हे दोन्ही एका दुपारी बसवलंय ते नकाशावर बघून बसवलंय, बोरिवली पश्चिमेत संध्याकाळी रिक्षात बसून नाही. माझं मत विचाराल तर लेण्यांना सकाळी जा, अख्खा दिवस द्या, आणि पॅगोडा दुसऱ्या दिवशी.

पण बोटीत बसल्यावर राग उतरला. खाडीत भरती, दोन्ही बाजूंना तिवरं, आणि समोर तो सोनेरी पॅगोडा, उन्हं तिरपी होऊन त्याच्यावर पडलेली. म्यानमारच्या श्वेडगॉन पॅगोडासारखा बांधलाय, सुमारे ३२५ फूट उंच, ८ फेब्रुवारी २००९ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आतला घुमट २८० फूट व्यासाचा आणि मधे एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून पेललेला, आठ हजार माणसं एका वेळी ध्यानाला बसतील एवढी जागा. दुपारी डोंगर पोखरून केलेली खोली बघितली आणि संध्याकाळी दगड रचून केलेली, गाईड म्हणाला लेण्यात दगड काढत जायचं, इथे दगड लावत जायचं.

घुमटाच्या आत मात्र सगळ्यांना सोडत नाहीत. ज्यांनी दहा दिवसांचं शिबिर केलंय तेच आत बसू शकतात, बाकीच्यांनी काचेच्या पलीकडून बघायचं. आईने तिथल्या स्वयंसेवकाला शिबिर कधी केलं ते सांगितलं, चपला काढल्या, आणि गेली आत. अख्ख्या ग्रुपमधून ती एकटी. काचेतून बघितलं तर तो एवढा मोठा गोल, आणि कडेला एका खुर्चीवर माझी आई, गुडघ्यामुळे खुर्ची, डोळे मिटलेले. घरी ती दोन मिनिटं गप्प बसत नाही. मी फोटो काढणार होते, मोबाईल वर केला आणि परत पर्समध्ये टाकला.

बाहेर सगळे सूर्यास्ताला पळाले. मीही गेले पायऱ्यांवर. साडेसहाच्या आधीच सूर्य गेला, छान होता, नारिंगी, सूर्य जसा असतो तसा. रील-वाल्या मुलींना हवं ते मिळालं, काकांनी पण चार फोटो काढले आणि रिफंडचा विषय संपला. आई बाहेर आली तेव्हा अंधारायला लागलं होतं. दिसला का गं सूर्य, तिने विचारलं. म्हटलं दिसला. तुला आत कसं वाटलं? ती म्हणाली गार होतं, आणि चहा कुठे मिळेल.

परतीच्या बोटीला गर्दी, उभं राहून आलो. गाईडला मी वेगळे दोनशे दिले, तो नको नको म्हणत होता, मी म्हटलं पोढीचे आहेत.

घरी येऊन आईच्या गुडघ्याला तेल लावलं आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर त्या अकरा नंबरच्या टाक्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं रेन वॉटर हार्वेस्टिंग, टँकर न मागवता. सहा अंगठे आले. मग बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून मेसेज आला, मॅडम ही आपली खालची टाकी आहे का, झाकण कोणी उघडं ठेवलं?