सुखी कुठली माणसं, बीडची की सिंधुदुर्गातली?

बीड आणि सिंधुदुर्ग, दोन्हीकडच्या शाळांत शिकवलंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग सुखी माणसं कुठली?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. सिंधुदुर्गातली. पण समुद्र, मासे आणि हिरवळ ही त्याची कारणं नव्हेत.

पावसाचा फरक आहेच. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, बीडला जेमतेम साडेसहाशे-सातशे. तरी बीडच्या माणसाची झोप उडवते ती उचल. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून पैसे घ्यायचे, त्यात जुनी देणी, दवाखाना, लेकीचं लग्न भागवायचं आणि मग ते फेडायला पाच-सहा महिने फडात राबायचं. नवराबायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’. एकजण आजारी पडला की खाडा दोघांचा, आणि त्याचे पैसे पुन्हा अंगावर. दिवाळी झाली की माझा वर्ग ओसरायचा. मागे राहायची ती आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवलेली पोरं. त्यातली पाचवीची एक मुलगी खिचडीच्या वेळी आधी धाकट्या भावाच्या ताटात डोकावायची. त्याला पुरलंय हे बघूनच स्वतः घास घ्यायची. दहा वर्षांच्या पोरीला ही काळजी का असावी? शिवाय २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. ज्या जन्मालाच आल्या नाहीत, त्यांना वगळून मला तिथल्या सुखदुःखाचा हिशेब मांडता येत नाही.

सिंधुदुर्गात उचल नाही. घर स्वतःचं, विहिरीला पाणी, थोडं भात, चार माड, मुंबईहून येणारे पैसे. पोरं वर्षभर शाळेत. त्याच जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया. याचं कौतुक होतं, पण कितीतरी घरांतले पुरुष पोटासाठी मुंबईत असतात, हेही त्या आकड्यात आहे. गणपतीला चाकरमानी आले की घर भरतं. एरवी सत्तरीची बाई एकटीच खळं सारवते, एकटीच जेवते. बीडच्या वस्तीवर कुणी कण्हलं तरी चार माणसं धावतात. इथे रात्री छातीत दुखलं तर आधी गाडीवाला शोधायचा, आणि दुखणं मोठं निघालं तर थेट गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठायचं. कुडाळहून त्याला दीड-दोन तास लागतात.